पाऊस हाती नसतो तेव्हा

अक्षय्य तृतीयेची संध्याकाळ झाली की बुलढाणा जिल्ह्यातल्या जळगाव जामोद तालुक्यात, भेंडवळ गावाच्या शिवारात, घट मांडला जातो. वावरात गोल आखून त्यावर अंबाडी, सरकी, ज्वारी, तूर, जवस, करडी अशी अठरा प्रकारची धान्ये ठेवतात. मधोमध खड्डा खणून त्यात चार ढेकळे ठेवतात, ती जून ते सप्टेंबर या पावसाच्या चार महिन्यांची. ढेकळांवर पाण्याने भरलेली घागर आणि घागरीवर पापड, भजे, कुरडई. एवढे झाले की सगळे निघून जातात आणि रात्रभर तिकडे कोणी फिरकत नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे घट पाहिला जातो. कोणते ढेकूळ किती भिजले, कोणता दाणा जागचा हलला, यावरून येत्या हंगामाचा पाऊस आणि पिके सांगितली जातात, आणि ती ऐकायला दुरून आलेले शेतकरी धुऱ्यावर उभे असतात. ही परंपरा साडेतीनशे वर्षांची आहे असे तिथे सांगतात.

या भाकिताला शास्त्रीय आधार नाही, असे अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते वर्षानुवर्षे सांगत आले आहेत, आणि त्यांचे म्हणणे बरोबर आहे. मुंग्या, उंदीर आणि रात्रीचा वारा यांना ऑगस्टातल्या पावसाची खबर असण्याचे काही कारण नाही. पण एवढे म्हणून थांबले की एक प्रश्न तसाच पडून राहतो. माझ्या ओळखीचे एक काका दरवर्षी घट ऐकायला जातात. मे महिन्याच्या अखेरीस हेच काका घरच्या सोयाबीनचे शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत मांडतात, गोणपाट गुंडाळून सावलीत ठेवतात आणि काही दिवसांनी उलगडून किती दाण्यांना कोंब आले ते मोजतात. सत्तरपेक्षा कमी भरले तर ते एकरी बियाणे वाढवतात. चांगला पाऊस होऊन जमिनीत पुरती ओल गेल्याशिवाय तिफण काढत नाहीत, आणि तिफण काढायच्या आधी धुऱ्यावर नारळ फोडल्याशिवायही राहत नाहीत. घटावर खरोखर विश्वास आहे का, असे मी एकदा विचारले, तेव्हा ते म्हणाले, “घट खरा निंगो का खोटा, पेरनी त कराच लागते ना बाप्पा. आयकून आलं का जिवाले बरं वाटते.”

धर्माचे मानसशास्त्र या विद्याशाखेचा विषय काकांच्या या शेवटच्या वाक्यात आहे. देव आहे की नाही, घट खरा की खोटा, याचा निवाडा ही शाखा करत नाही. श्रद्धा आणि विधी माणसाच्या मनात, शरीरात आणि वागण्यात काय घडवून आणतात, हे ती पाहते.

पहिल्या महायुद्धाच्या काळात मानववंशशास्त्रज्ञ ब्रॉनिस्लॉ मॅलिनोव्स्की न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रियांड बेटांवर राहिला होता. तिथले कोळी दोन ठिकाणी मासे धरत. किनाऱ्याजवळच्या शांत खाजणात मासळी हमखास मिळे आणि जिवाला धोका नसे. तिथे ते कोणताही मंत्रतंत्र करत नसत. उघड्या समुद्रात जायचे असले, जिथे वादळाचा भरवसा नाही आणि मासळीचाही नाही, तर मात्र विधींना तोटा नसे. मॅलिनोव्स्कीने आणखी एक गोष्ट बजावून सांगितली, आणि मला ती अधिक महत्त्वाची वाटते. हे बेटवासी बागायतीत तरबेज होते, माती आणि बी यांची त्यांना उत्तम पारख होती, आणि मंत्र म्हटला म्हणून निंदणीची मेहनत कोणी टाळत नव्हते. जिथवर कसब पोहोचते तिथवर कसब, आणि जिथून नशिबाचा मुलूख सुरू होतो तिथून विधी, अशी त्यांची वाटणी होती. गोणपाट आणि नारळ एकाच घरात कसे नांदतात, याचे यापेक्षा सरळ उत्तर मला सापडलेले नाही. कोरडवाहू कपाशी आणि सोयाबीन घेणाऱ्याची शेती उघड्या समुद्राच्या जातीची आहे. दुबार पेरणी, बोंडअळी आणि बाजारभाव यांपैकी पहिल्या दोहोंवर त्याचा थोडाच ताबा चालतो आणि तिसऱ्यावर तर मुळीच नाही.

विधी टिकून राहतात त्याचा एक खुलासा अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर याने १९४८ साली दिला होता. पिंजऱ्यातल्या भुकेल्या कबुतरांना, ती काहीही करोत, ठराविक सेकंदांनी आपोआप दाणे मिळतील अशी सोय त्याने केली. थोड्या वेळाने एक कबुतर गिरक्या घेऊ लागले, दुसरे पिंजऱ्याच्या एका कोपऱ्याकडे मान ताणू लागले, जणू त्या हालचालीमुळेच दाणे पडत होते. पुढे १९७१ साली हा प्रयोग पुन्हा बारकाईने झाला, तेव्हा यातल्या बऱ्याच हालचाली अन्नाची वाट पाहणारा पक्षी एरवीही करतो असे दिसले, त्यामुळे स्किनरच्या खुलाशाचे वजन कमी झाले. माणसाला कबुतराच्या पंगतीत बसवण्याचा मोह आवरलेलाच बरा. तरी जुळलेले लक्षात राहते आणि फसलेले विसरले जाते, ही खोड आपल्या सर्वांना आहे, आणि घटाची बाजू सांभाळायला ती पुरेशी आहे. पावसाने मध्येच दडी मारली नाही असा हंगाम आपल्याकडे विरळाच. तेव्हा एखाद्या महिन्यात खंड पडेल असे सांगणारे भाकीत सहसा खोटे ठरत नाही.

आता “जिवाले बरं वाटते” याकडे येऊ. हे नुसते बोलणे आहे की शरीरात काही मोजता येण्यासारखे घडते? याचा एक चांगला प्रयोग झाला आहे, आणि आपल्याला मौज वाटावी अशी गोष्ट ही की तो मराठी माणसांवरच झाला आहे. एकोणिसाव्या शतकात मजुरीसाठी मॉरिशसला गेलेल्या मराठी लोकांचे वंशज तिथे आजही आपली देवळे राखून आहेत. मार्टिन लँग, यान क्राट्की आणि दिमित्रिस झिगालाटास या संशोधकांनी त्यांच्यातल्या ७५ जणांना प्रयोगात घेतले आणि २०२० साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. आधी प्रत्येकाला मुद्दाम ताण दिला गेला: तुम्हाला भाषण करायचे आहे, तयारी करा. चारचौघांत बोलायचे म्हटले की पोटात गोळा येतो, याचा अनुभव बहुतेकांना असतो आणि मानसशास्त्राच्या प्रयोगशाळेत तो नेहमीच कामाला लावतात. त्यानंतर काही जणांना गावातल्या देवळात पाठवून रोजच्यासारखी पूजा करायला सांगितले आणि उरलेल्यांना तेवढाच वेळ नुसते शांत बसायला सांगितले.

या काळात त्यांच्या हृदयाच्या ठोक्यांची नोंद चालू होती. निरोगी हृदय घड्याळासारखे टिकटिकत नाही. दोन ठोक्यांमधले अंतर क्षणोक्षणी किंचित बदलते. माणूस निवांत असला की हा बदल मोठा असतो, ताणात असला की ठोके जास्त साचेबंद पडू लागतात. पूजा करून आलेल्यांनी आपली धास्ती कमी झाल्याचे स्वतः सांगितले, आणि त्यांच्या ठोक्यांतला बदलही नुसते बसून राहिलेल्यांपेक्षा निवांतपणाकडे झुकलेला होता. विश्रांतीशी तुलना करूनही पूजा सरस ठरली, हे यातले खरे मर्म आहे. मात्र विधी जितका जास्त ठरीव तितका परिणाम मोठा असतो का, या प्रश्नाचे निःसंदिग्ध उत्तर प्रयोगातून निघाले नाही आणि संशोधकांनी ते तसे मांडलेही. एक तर्क असा आहे की हळद, कुंकू, फूल, उदबत्ती, घंटा असा ठरलेला क्रम चालू असताना पुढे काय होणार हे मनाला पक्के ठाऊक असते, आणि अनिश्चिततेने शिणलेल्या मनाला काही क्षण तरी एक निश्चित मुलूख मिळतो.

इथपर्यंत एकेका माणसाची गोष्ट झाली. या शाखेचा पाया घालणारा विल्यम जेम्स हाही एकट्या माणसातच रमला होता. एडिंबरा विद्यापीठात १९०१-०२ मध्ये दिलेल्या व्याख्यानांत त्याने संत, साधक आणि धर्मांतर केलेल्या माणसांचे अंतरीचे अनुभव मोठ्या सहृदयतेने तपासले. देवळे, पुरोहित आणि सणवार त्याने जाणूनबुजून बाजूला ठेवले. त्याची दृष्टी घेऊन कोणी वऱ्हाडातल्या खेड्यात आला तर त्याच्या हाती फार थोडे लागेल. आपल्याकडे धर्म मनात मानण्यापेक्षा चार माणसांत करण्याची गोष्ट अधिक आहे. पोळ्याला तोरणाखाली बैल उभे राहतात, झडत्या म्हटल्या जातात, सप्ताहात काला होतो, शेगावहून पालखी पायी पंढरपूरला निघते. यांतून गर्दी वजा केली तर फारसे काही शिल्लक राहत नाही.

अशा गर्दीचा अभ्यास प्रयागच्या माघ मेळ्यात झाला. तिथे कल्पवासी महिनाभर नदीकाठी तंबूत राहतात, कडाक्याच्या थंडीत पहाटे आंघोळ करतात आणि दिवसरात्र भोंग्यांच्या कल्लोळात वावरतात. वैद्यकाच्या हिशेबाने हे प्रकृती बिघडण्याचेच निमंत्रण म्हणावे लागेल. भारतीय आणि ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांच्या चमूने ४१६ यात्रेकरूंना जाण्याआधी आणि परतल्यावर प्रश्न विचारले, आणि घरीच राहिलेल्या १२७ जणांनाही विचारले. २०१२ साली आलेल्या निष्कर्षांनुसार यात्रा करून आलेल्यांनी आपले स्वास्थ्य सुधारल्याचे आणि दुखणी कमी झाल्याचे सांगितले. घरी राहिलेल्यांत तसा फरक दिसला नाही. हे त्यांचे स्वतःचे सांगणे होते, रक्ताची तपासणी नव्हे, हे ध्यानात ठेवले पाहिजे. याच मेळ्यात केलेला आवाजाचा प्रयोग मला जास्त बोलका वाटतो. कसला आहे ते ओळखू येऊ नये असा गोंगाट यात्रेकरूंना ऐकवला गेला. तो मेळ्यातला आहे असे सांगितल्यावर त्यांना तो शहराच्या रस्त्यावरचा म्हणून सांगितलेल्या त्याच गोंगाटापेक्षा सुसह्य वाटला. आवाज तोच, कानही तेच. आवाज आपल्या माणसांचा आहे एवढे कळल्याने तो गोड झाला.

राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी गुरुकुंज मोझरीहून गावोगाव नेलेली सामुदायिक प्रार्थना या नजरेने पाहण्यासारखी आहे. ठरलेल्या वेळी सगळ्यांनी ओळीत बसायचे, एका सुरात म्हणायचे, खंजिरीच्या ठेक्यावर टाळी धरायची. एका लयीत हालचाल केल्याने काय होते, हे तपासणारा एक छोटा प्रयोग ऑक्सफर्डच्या वल्हेकऱ्यांवर झाला होता आणि तो २०१० साली प्रसिद्ध झाला. तेवढीच मेहनत एकट्याने केल्यावर आणि एकत्र ताल धरून केल्यावर त्यांची वेदना सोसण्याची ताकद मोजली, तेव्हा एकत्र वल्हवल्यानंतर ती जास्त वाढलेली आढळली. रात्रभर भजनात टाळ कुटून सकाळी निंदणीला जाणाऱ्या बायाबापड्यांना हे सांगायला प्रयोगशाळा लागत नाही, पण प्रयोगशाळेने सांगितले म्हणून काही बिघडतही नाही.

या सगळ्याला दुसरी बाजू आहे. केनेथ पार्गामेंट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने संकटात देवाचा आधार घेण्याच्या दोन तऱ्हा वेगळ्या केल्या. एकीत माणसाला देव सोबत असल्यासारखा वाटतो. दुसरीत देवाने पाठ फिरवली, तो आपल्याला शिक्षा देतो आहे, असे वाटते. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या अभ्यासात ५५ वर्षांवरच्या ५९६ आजारी माणसांचा दोन वर्षे मागोवा घेतला होता. देवाने आपल्याला टाकले असे ज्यांना वाटत होते त्यांचा मृत्यूचा धोका सुमारे २८ टक्क्यांनी जास्त निघाला, आजाराची तीव्रता हिशेबात धरूनसुद्धा. आपल्या गावात नापिकी झालेल्या माणसाला “मागल्या जन्माचं भोवलं” असे सहज म्हटले जाते. म्हणणाऱ्याच्या मनात वाईट काही नसते, पण ऐकणाऱ्याच्या मनात ते कुठे जाऊन बसते याचा विचार या आकड्यानंतर करावा लागतो.

दुसऱ्याने केलेल्या प्रार्थनेचा प्रयोग २००६ साली अमेरिकेत गाजला. हृदयाची बायपास शस्त्रक्रिया झालेल्या १,८०२ रुग्णांपैकी काहींसाठी अनोळखी लोकांनी प्रार्थना केली, काहींसाठी केली नाही, आणि कोणाच्या वाट्याला काय आले हे या दोन्ही गटांना ठाऊक नव्हते. त्यांच्यातल्या गुंतागुंतीचे प्रमाण ५२ आणि ५१ टक्के, म्हणजे जवळजवळ सारखेच राहिले. आपल्यासाठी प्रार्थना चालू आहे असे ज्यांना निश्चित सांगितले होते त्या तिसऱ्या गटात मात्र ते ५९ टक्के निघाले. हा योगायोगही असू शकतो. पण प्रार्थना करावी लागण्याइतका मी अत्यवस्थ आहे का, या शंकेने त्यांना घेरले असावे, असाही एक अंदाज आहे. मॉरिशसच्या देवळातल्या पूजेशी हे ताडून पाहण्यासारखे आहे. तिथे हात स्वतःचे होते, इथे रुग्ण नुसता पडून होता.

विधीने मन हलके होते आणि त्याच विधीपायी माणूस कर्जातही बुडतो, हे विदर्भात एका माणसाने फार आधी ओळखले होते. गाडगेबाबा १८७६ साली अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात जन्मले. बारशाला दारू आणि मटण हवेच अशा रिवाजात त्यांनी आपल्या मुलीच्या बारशाला गोडाचे जेवण घातले. नवसाला बकरे कापू नका, कर्ज काढून सण करू नका, हे ते जन्मभर सांगत राहिले. ते सांगण्यासाठी त्यांनी पकडलेले साधन मात्र कीर्तनाचे होते. दिवसा ते खराट्याने गाव झाडत आणि रात्री त्याच गावात कीर्तनाला उभे राहत. पोथीतला दाखला देण्याऐवजी ते समोरच्यांनाच प्रश्न विचारत, देवाला बकरे लागते का, दगडाला भूक लागते का, आणि जमाव एका आवाजात उत्तर देई. त्या उत्तराचा आवाज विरायच्या आत टाळ्या सुरू होत, आणि त्याच तालावर सगळा जमाव गोपालाच्या गजरात डुलू लागे.