'पहिलं जिवंत अपत्य' : मुलं मोजून मदत देण्यामागची पार्श्वभूमी

तिसऱ्या मुलाला सरकारी मदत द्यायची का, हा वाद दर काही महिन्यांनी वर येतो आणि दोन्ही बाजू तीच वाक्यं बोलतात. एक म्हणते पोसायची ऐपत नाही तर जन्माला कशाला घालता, दुसरी म्हणते त्या बाळाचा काय दोष. दोघांनीही एक गोष्ट गृहीत धरलेली असते, की कधीतरी कुणीतरी बसून नीट विचार करून ही दोनाची (आणि आता एकाची) मर्यादा ठरवली असणार. कागद मागे मागे वाचत गेलं तर तसं काही सापडत नाही. ही अट एका योजनेतून दुसरीत तशीच उचलून आणलेली आहे आणि प्रत्येक वेळी तिचं कारण बदललेलं आहे.

फार जुन्यात जात नाही. संततिनियमनाचं काम मुंबईत १९२१ पासून चालू होतं, सरकारी कार्यक्रम पहिल्या पंचवार्षिक योजनेत आला, मग लाल त्रिकोण आणि 'हम दो हमारे दो' सगळ्यांना माहीतच आहे. महाराष्ट्रापुरती एकच गोष्ट लक्षात ठेवायची. १९७६ साली आपल्या विधिमंडळाने तीन मुलांनंतर सक्तीची नसबंदी करायचं विधेयक मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही, १९७७ च्या निवडणुका झाल्या आणि ते तिथेच संपलं. पण त्यानंतर सक्ती हा शब्द कुणी तोंडातून काढायला तयार नव्हतं, आणि मग मुलांची संख्या हळूहळू योजनांच्या पात्रतेच्या अटींमध्ये जाऊन बसली.

गरीब बाळंतिणीच्या हातात रोख पैसे द्यायची देशभराची योजना आली १९९५ मध्ये. दारिद्र्यरेषेखालच्या बाईला बाळंतपणासाठी मदत, पुढे ती ५०० रुपये झाली, वय १९ पूर्ण पाहिजे आणि पहिल्या दोन जिवंत जन्मांपर्यंतच. पुढच्याच वर्षी, १९९६ ला, केंद्राने कुटुंबनियोजनाची टार्गेटं काढून टाकली, २००० च्या राष्ट्रीय लोकसंख्या धोरणात तर सक्ती नको असं स्पष्ट लिहिलं, पण योजनांमधल्या अटी मात्र जागच्या जागी राहिल्या. उलट त्याच काळात त्या सगळीकडे पसरल्या. केंद्राच्या कर्मचाऱ्यांच्या एलटीसीत, म्हणजे रजेतल्या प्रवासाच्या सवलतीत, ऑक्टोबर १९९८ नंतर जन्मलेल्या मुलांपुरती दोनची मर्यादा आली. आपल्याकडे ग्रामपंचायतीच्या उमेदवारीला १२ सप्टेंबर २००१ ची तारीख लागली, त्यानंतर तिसरं मूल झालं तर उमेदवारी नाही. २००५ मध्ये लहान कुटुंबाचं प्रतिज्ञापत्र आलं, ज्याने सरकारी नोकरीचा फॉर्म भरलाय त्याला तो 'नमुना अ' पाठ असतो. २००३ ला हरियाणाच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने निवडणुकीतली दोन मुलांची अट घटनेला धरून आहे असं सांगितलं, आणि तेव्हापासून कुणीही वाद घातला की हाच निकाल पुढे केला जातो. पण तो निकाल निवडणूक लढवण्याबद्दल होता. सरपंच होणं आणि बाळंतपणात दोन घास जास्त खायला मिळणं या दोन गोष्टी एका तराजूत कशा घालायच्या, हे मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही.

उलट मदतीबद्दल त्याच न्यायालयाने काय म्हटलं ते फार कमी जणांना माहीत असतं. अन्नाच्या हक्काचा जो मोठा खटला २००१ पासून चालला होता त्यात २० नोव्हेंबर २००७ ला आदेश झाला, की दारिद्र्यरेषेखालच्या गरोदर बाईला हे ५०० रुपये द्यायचेच, मग तिचं वय कितीही असो आणि मुलं कितीही असोत. इतकं सरळ होतं ते. पण तोवर दवाखान्यात बाळंत होण्यासाठी पैसे देणारी २००५ ची जननी सुरक्षा योजना आली होती, आणि तिच्यात एक गंमत नाही, विसंगतीच म्हणतो, अशी होती की ज्या राज्यांत दवाखान्यातली बाळंतपणं कमी, म्हणजे उत्तर प्रदेश बिहार वगैरे, तिथे मुलांच्या संख्येची अटच नव्हती, तिसरं चौथं सगळ्यांना पैसे. महाराष्ट्र पुढारलेल्या राज्यांत मोजला गेला म्हणून इथे मात्र दोनची मर्यादा, १९ वर्षांची अट, आणि तेही फक्त दारिद्र्यरेषेखालच्या किंवा अनुसूचित जाती-जमातीच्या बायकांना, गावात ७०० आणि शहरात ६००. आता लोकसंख्या हे कारण असतं तर जिथे जन्मदर जास्त तिथे अट लागायला हवी होती ना. झालं नेमकं उलटं. म्हणजे अट पैसा वाचवायला होती, आणि तिचं समर्थन मात्र लोकसंख्येच्या नावाने होत राहिलं. आपल्याकडे ही अट निघाली २०१३ मध्ये.

मधल्या काळात २०१० ला केंद्राने ५२ जिल्ह्यांत नवीन मातृत्व योजना चाचणी म्हणून सुरू केली, ४००० रुपये तीन हप्त्यांत. महाराष्ट्रातून भंडारा आणि अमरावती. अमरावती म्हणजे मेळघाट त्यात आलं. जिथल्या बालमृत्यूंवर नव्वदच्या दशकापासून हायकोर्टात याचिका चालतायत, जिथे एक-दोन बाळं गमावलेल्या आया प्रत्येक पाड्यावर भेटतात, तिथेही पहिले दोन जिवंत जन्म हीच अट.

आणि इथून तो शब्दाचा गोंधळ सुरू होतो, ज्याच्यासाठी खरं तर मी हे लिहायला घेतलं.

इंग्रजी कागदात दोन वेगळे शब्द आहेत. एक 'लाइव्ह बर्थ', म्हणजे बाळ जन्मताना जिवंत होतं, मग ते तासाभराने गेलं तरी तो जन्म मोजला गेला. दुसरा 'सर्व्हायव्हिंग' किंवा 'लिव्हिंग चाइल्ड', म्हणजे आज हयात असलेलं मूल, गेलेलं मूल मोजायचं नाही. १९९५ च्या आणि २०१० च्या योजनेत पहिला शब्द. निवडणूक, नोकरी, एलटीसी, प्रसूती रजा यांत दुसरा. मराठीत आपण दोन्हीला सर्रास 'जिवंत अपत्य' म्हणतो, आणि त्यामुळे एकाच बाईची मुलं एका फॉर्मवर दोन भरतात आणि दुसऱ्यावर एक. माझी आत्या अंगणवाडी सेविका होती, ती सांगायची की अर्धा वेळ बायकांना हेच समजावण्यात जायचा की बाई, तुझं ते बाळ गेलं ते मला माहितेय, पण या कागदात ते धरायचं असतं आणि त्या कागदात नाही. गेलेल्या बाळाबद्दल आईला असं विचारणं किती जड जात असेल तेवढा विचार करा. दवाखान्यात सिस्टर एका ओळीत लिहून टाकतात, जी ३ पी २ एल १, म्हणजे ही तिसरी खेप, दोन बाळंतपणं झालेली, एक हयात. ती ओळ अगदी स्पष्ट असते. योजनेच्या फॉर्मपाशी आल्यावर मात्र प्रश्न पडतो की यातला पी मोजायचा का एल.

२०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने हा प्रश्न खरं म्हणजे संपवायला हवा होता. त्यात 'प्रत्येक' गरोदर आणि स्तनदा मातेला किमान ६००० रुपये असं लिहिलंय, सरकारी नोकरीतल्या आणि दुसऱ्या कायद्याने तसाच लाभ मिळणाऱ्या बायका सोडून. संख्या नाही. पण कलमाच्या सुरुवातीलाच केंद्र सरकार आखेल त्या योजनेच्या अधीन राहून असे शब्द आहेत, आणि पुढचं सगळं त्या शब्दांच्या दारातून आत आलं. तीन वर्षं देशभराची योजनाच आली नाही. २०१६ च्या ३१ डिसेंबरला घोषणा झाली ६००० ची, आणि २०१७ मध्ये मातृवंदना योजना आली ती ५००० ची, वर जननी सुरक्षेचे धरून सरासरी ६००० होतात असा हिशोब दाखवला गेला, आणि दोनची मर्यादा खाली येऊन एकावर, 'पहिलं जिवंत अपत्य'.

आता हा शब्द वाचून कुणालाही वाटेल की पहिलं बाळ गेलं तर पुढचं जे जगेल ते पहिलं जिवंत अपत्य, म्हणजे त्याला लाभ. साधा मराठी अर्थ तोच होतो. पण २०१७ च्या नियमांत खाली वेगळंच होतं. लाभ बाईला आयुष्यात एकदाच. गर्भ पडला किंवा बाळ मेलेलं जन्मलं तर पुढच्या खेपेला फक्त उरलेले हप्ते, आधी घेतलेला हप्ता गेला तो गेला. आणि सगळे हप्ते घेऊन झाल्यावर बाळ दगावलं तर पुढच्या खेपेला काहीच नाही. म्हणजे नाव पहिल्या जिवंत अपत्याचं आणि मोजणी पहिल्या पैशाची. जिचं बाळ सहा महिन्यांचं होऊन गेलं, तिच्या मांडीवर एकही मूल नाही, ती पुन्हा गरोदर राहिली तर सरकारच्या लेखी तिचा कोटा संपलेला. यात लोकसंख्या वाढण्याचा प्रश्न कुठे आला? त्या पहिल्या फॉर्मला नवऱ्याचं आधार कार्डही सक्तीचं होतं, त्यामुळे एकट्या आणि सोडलेल्या बायका तर दारातच अडकल्या, पण तो वेगळा विषय आहे.

२०२२ मध्ये नियम बदलले आणि सरकारला याचं श्रेय दिलं पाहिजे की गर्भपात किंवा मृत जन्म झालेल्या बाईला आता पुढच्या वेळी नवीन लाभार्थी धरतात, आणि नवऱ्याच्या आधारचा हट्टही सुटला. पण त्याच बदलात दुसरी अट आली. दुसऱ्या खेपेला ६००० रुपये, मुलगी झाली तर. उद्देश चांगला आहे, मुलीचं स्वागत व्हावं, गर्भलिंगनिदान थांबावं. फक्त हे पैसे मुळात कशासाठी होते ते आठवा. शेतमजुरी करणारी, ऊस तोडणारी बाई शेवटच्या महिन्यात कामावर गेली नाही तरी तिची चूल चालावी, तिला चार दिवस पाठ टेकता यावी, यासाठी होते. पोटात काय आहे ते सांगायला १९९४ च्या कायद्याने बंदी, म्हणजे पैसे मिळणार का नाही हे तिला बाळंत होईपर्यंत कळूच शकत नाही आणि रक्कम येते ती जन्मानंतर एकदम. गरोदरपणात तिच्या ताटात त्यातलं काही पडत नाही. आणि मुलगा झाला तर तिची मजुरी बुडाली नाही असं थोडंच आहे.

राज्याच्या योजना याच वळणावर गेल्या. माझी कन्या भाग्यश्री २०१६ ला आली, २०१७ च्या बदलानंतर एका मुलीनंतर आई किंवा वडिलांनी नसबंदीची शस्त्रक्रिया केली तर ५०,००० आणि दोन मुलींनंतर केली तर प्रत्येकी २५,०००. नंतर लेक लाडकी, १ एप्रिल २०२३ नंतर जन्मलेल्या, पिवळ्या आणि केशरी कार्डवाल्या घरातल्या मुलींना टप्प्याटप्प्याने १,०१,०००, त्यातही पुढच्या हप्त्यांना कुटुंबनियोजनाचा दाखला. नियमात माता किंवा पिता असं लिहिलेलं असतं, प्रत्यक्षात शस्त्रक्रिया कुणाची होते ते प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या कॅम्पच्या दिवशी जाऊन बघावं, रांगेत सगळ्या बायकाच असतात. केंद्राच्या सुकन्या खात्यातसुद्धा दोन मुली, जुळ्यांचा अपवाद सोडून. हे सगळं इथे थोडक्यात सांगतोय कारण तत्त्व एकच आहे, मुलीच्या शिक्षणाचे पैसे आणि आईचं ऑपरेशन एकमेकांना बांधलेले.

पगारी नोकरीतल्या बायकांचं पण बघा. १९६१ च्या प्रसूती कायद्यात रजेला मुलांची संख्या नव्हतीच, सगळ्यांना सारखी. २०१७ ला ती २६ आठवडे झाली तेव्हा पहिल्यांदा दोन हयात अपत्यांची रेघ आली, पण तिथेही त्यापुढच्या बाळंतपणाला १२ आठवडे आहेतच, शून्य नाही. २०२५ मध्ये तमिळनाडूच्या एका शिक्षिकेला, जिची आधीची दोन मुलं पहिल्या लग्नाची होती आणि त्या पहिल्या नवऱ्याकडे राहत होती, सर्वोच्च न्यायालयाने रजा मिळवून दिली. म्हणजे नोकरीवालीसाठी अट सैल होत चाललीय आणि मजूर बाईसाठी ती एकावर येऊन थांबलीय.

ज्या भीतीपोटी हे सुरू झालं तिचं काय झालं तेही सांगितलं पाहिजे. महाराष्ट्रात १९९२-९३ च्या कुटुंब आरोग्य पाहणीत एका बाईमागे सरासरी २.९ च्या आसपास मुलं होती, २०१९-२१ च्या पाहणीत १.७. केरळात तर निवडणुकीची अट न लावता त्याहून आधी कमी झाली. आंध्र प्रदेशने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्थानिक निवडणुकांमधली दोन मुलांची अट कायद्यातून काढून टाकली, कारण तिथे आता माणसं कमी पडतील याची काळजी सुरू झालीय. आपल्याकडे अजून तशी हालचाल दिसत नाही.

आज गावातली मजूर बाई तिसऱ्यांदा गरोदर राहिली तर तिला अंगणवाडीतून घरी न्यायचा आहार मिळतो, तिथे कितवी खेप ते विचारत नाहीत. दारिद्र्यरेषेखालची किंवा अनुसूचित जाती-जमातीची असेल तर दवाखान्यात बाळंत झाल्यावर जननी सुरक्षेचे ७०० मिळतात, २००५ ला ठरलेले तेच. मातृवंदनेचं काही मिळत नाही. दुसऱ्या खेपेला मुलगा झालेला असेल तर तेव्हाही मिळालेलं नसतं. आणि २०१३ च्या कायद्यातला 'प्रत्येक' हा शब्द कुणी काढलेला नाही, तो तिथे आहे.