ट्यूबमधली पुट्टी की मळायची पुट्टी?

प्लॅस्टिकच्या मॉडेलच्या सांध्यातली फट बुजवायला जळगावात हार्डवेअरच्या दुकानात नुसतं ‘पुट्टी द्या भाऊ’ म्हटलं, की आधी भिंतीची पांढरी पावडर समोर येते. ती प्लॅस्टिकवर धरत नाही, पापुद्र्यासारखी निघते. तिचा विषय इथेच संपला. खरा घोळ होतो तो दुसऱ्या दोघींत. एक गाड्यांच्या डेंटिंग-पेंटिंगवाल्यांची एनसी (नायट्रोसेल्युलोज) पुट्टी. मॉडेलवाल्यांना याच जातीची पुट्टी टामिया या जपानी मॉडेल कंपनीच्या ट्यूबमध्ये मिळते. दुसरी एम-सीलसारखी, दोन भाग एकत्र मळून लावायची इपॉक्सी. दोन्ही राखाडी, दोन्ही फट बुजवतात, म्हणून एक संपली की माणूस बिनधास्त दुसरी लावतो.

मे महिन्यातली तापीकाठची काळी जमीन आठवा. पाणी उडून गेलं की माती आकसते आणि पाय अडकेल एवढ्या भेगा पडतात. ट्यूबमधल्या पुट्टीचं तसंच. तिच्यात बारीक भुकटी द्रावकात कालवलेली असते. द्रावक उडाला की उरलेल्या मालाला जागा कमी लागते. इपॉक्सीतून मात्र उडून जाण्यासारखं फारसं काही नसतं. तिच्यातली राळ आणि हार्डनर एकमेकांना धरून घट्ट होतात, म्हणून ती जवळजवळ आकसतच नाही.

मला हे कळलं ते स्पिटफायर या लढाऊ विमानाच्या 1:72 मॉडेलवर. पंख आणि धडाच्या सांध्यात मिलिमीटरभर फट होती. खऱ्या विमानावर ती 72 मिलिमीटर झाली असती, चार बोटं आत जातील एवढी! मी ती ट्यूबने एका दमात भरली. आपल्याकडच्या उन्हाळ्यात वर साय लगेच धरते आणि आतला द्रावक कोंडून राहतो. दुसऱ्या दिवशी घासून रंग दिला. आठवड्याभरात सांध्यावर खळगा. नखाने दाबलं तर कडेचं प्लॅस्टिकसुद्धा मऊ लागलं. हा द्रावक पॉलिस्टायरीन, म्हणजे मॉडेलचं प्लॅस्टिक, विरघळवतो. पातळ थरात तोच त्याचा गुण, कारण पुट्टी प्लॅस्टिकला घट्ट धरते.

मग सगळीकडे इपॉक्सीच का नको? ती पातळ पसरत नाही. बारीक ओरखड्यावर लावून घासायला घेतली, की कडेने टवका उडतो. पण खोल जागी तिच्यासारखी दुसरी नाही. ओली असतानाच पाण्याचं बोट फिरवलं की सांधा गुळगुळीत होतो, पुढची घासाघीस वाचते. मळताना मात्र मांड्याच्या कणकेइतकी मेहनत घ्या; दोन रंगांची एकही रेघ दिसता कामा नये, नाहीतर मधेच चिकट राहते. हातात मोजे हवेत. तापमान 10 अंशांनी वाढलं की अशा अभिक्रियेचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो, त्यामुळे 42 अंशांत पाकिटावरच्या वेळेवर विसंबू नका. हरभऱ्याएवढीच मळा.

माझी कसोटी नखाची. फट नुसती जाणवते, टोक आत जात नाही, तर ट्यूब, तीही खिडकी उघडी ठेवून. टोक आत गेलं तर इपॉक्सी. ती रात्रभर ठेवून 400 नंबरच्या वॉटर पेपरने (पाण्यात भिजवून वापरायचा घासकागद) घासायची, कडेला राहिलेल्या केसभर रेघेवर ट्यूबचा पातळ हात द्यायचा, आणखी एक रात्र थांबायचं, मग 800 चा बारीक पेपर.