पीट्रेस परवानगी

एका प्रोसेसने दुसऱ्या प्रोसेसची मेमरी व रजिस्टर वाचावीत किंवा बदलावीत का, हे ठरवणारी लिनक्स कर्नेलमधील तपासणी. जीडीबी (प्रोग्रॅममधल्या चुका शोधणारा डीबगर) व एसट्रेस (प्रोसेस कर्नेलकडे काय मागते ते दाखवणारे) ही साधने पीट्रेस या सिस्टीम कॉलवर, म्हणजे कर्नेलकडे करायच्या मागणीवर, चालतात. हा अधिकार हाती आला की समोरच्या प्रोसेसमधले पासवर्ड आणि किल्ल्याही हाती येतात, म्हणून तपासणी कडक असते.

कर्नेल आधी ओळख पाहते. मागणाऱ्याचा यूआयडी (वापरकर्त्याचा क्रमांक) लक्ष्य प्रोसेसच्या रिअल, इफेक्टिव्ह आणि सेव्ह्ड अशा तिन्ही यूआयडींशी जुळावा लागतो, जीआयडीचेही (गटाचा क्रमांक) तसेच. जुळत नसेल, तर कॅप_सिस_पीट्रेस ही क्षमता (कर्नेलने दिलेला खास अधिकार) हवी. पुढे ‘डंपेबल’ खूण, म्हणजे प्रोसेसची मेमरी बाहेर उतरवू द्यावी का हे सांगणारी नोंद, पाहिली जाते. सेटयूआयडी प्रोग्रॅम (चालवणाऱ्याच्या नव्हे, तर फाइलच्या मालकाच्या अधिकाराने चालणारा) चालवताना ती सहसा उतरते. एसएसएचच्या किल्ल्या सांभाळणारा एसएसएच-एजंट ती स्वतःहून उतरवतो. त्यामुळे यूआयडी जुळला तरी नकार मिळू शकतो.

शेवटी सुरक्षा मॉड्यूलांची पाळी. त्यांपैकी यामा २०१२ मध्ये लिनक्स ३.४ सोबत मुख्य कर्नेलमध्ये आले. त्याच्या पीट्रेस_स्कोप या सेटिंगाला ० दिल्यास यामाचे जादा बंधन नसते. १ असताना, वरील क्षमता नसेल तर, फक्त आपल्या वंशातल्या प्रोसेसला जोडता येते, किंवा जिने पीआरसीटीएल या सिस्टीम कॉलद्वारे तशी मुभा दिली आहे तिला. २ असताना वरील क्षमता असल्याशिवाय जोडणी नाही. ३ मध्ये जोडणी पूर्ण बंद, आणि रीबूटपर्यंत हा आकडा बदलता येत नाही.

‘जीडीबीतून प्रोग्रॅम सुरू केला तर चालतो, पण चालू प्रोसेसला जोडता येत नाही’ या नेहमीच्या तक्रारीमागे बहुधा पीट्रेस_स्कोपचा १ असतो. अडचण अशी, की वरील प्रत्येक नकाराला कर्नेल ‘ऑपरेशन नॉट परमिटेड’ हेच उत्तर देते. त्यामुळे प्रोसेसच्या स्टेटस फाइलमधली ट्रेसरपिड ओळ आधी पाहावी: ती शून्य नसेल तर दुसरा डीबगर आधीच जोडलेला आहे, आणि एका थ्रेडला एकच ट्रेसर (जोडलेली प्रोसेस) चालतो. मग यूआयडी, त्यानंतर पीट्रेस_स्कोप. एकाच वेळेपुरते काम असेल तर डीबगर सुडोने, म्हणजे रूटच्या अधिकाराने, चालवणे बरे. सेटिंग ० केल्यास त्या यंत्रावरच्या सगळ्याच प्रोसेसवरचे यामाचे संरक्षण उठते.

डॉकर कंटेनरात (यजमानाचेच कर्नेल वापरणाऱ्या वेगळ्या कप्प्यात) रूट असूनही जोडणी अडू शकते, कारण कॅप_सिस_पीट्रेस ही क्षमता तिथे मुळात दिलेली नसते; कंटेनर सुरू करतानाच ती जोडावी. यामाचे सेटिंग मात्र कंटेनरागणिक वेगळे नसते, ते अख्ख्या कर्नेलला लागू होते.