ऑक्सिजन गेला, ऑक्सिडीकरण राहिले

संयोग, अपघटन, विस्थापन, दुहेरी विस्थापन आणि या चौघांच्या शेपटाला जोडलेला क्षपणोपचय (इंग्रजीत रेडॉक्स). रासायनिक अभिक्रियांच्या प्रकारांची ही यादी एका बैठकीत तयार झालेली नाही. पहिले चार प्रकार फक्त कोण कुठून उठून कुठे बसले एवढेच पाहतात. पाचवा इलेक्ट्रॉनांचा हिशेब मागतो. दोन्ही मोजपट्ट्यांच्या जन्मात दीड-दोनशे वर्षांचे अंतर आहे आणि 'ही अभिक्रिया कोणत्या प्रकारात टाकायची' हा घोळ बहुतेक वेळा तिथूनच येतो.

जुनी मोजपट्टी पदार्थांना एकमेकांविषयी असलेल्या ओढीची. १७१८ मध्ये पॅरिसमध्ये सोळा रकान्यांचा एक तक्ता मांडला गेला. कोणता पदार्थ कोणाला हुसकावून त्याच्या जोडीदाराशी संयोग पावतो, ते त्यात क्रमाने लावले होते. १७७५ मध्ये एका स्वीडिश रसायनज्ञाने या ओढीचे एकेरी आणि दुहेरी असे भाग मांडले. आजची विस्थापन व दुहेरी विस्थापन ही त्यांचीच वंशज. पुढे १७९८ मध्ये इजिप्तच्या खाऱ्या तळ्यांकाठी चुनखडीवर सोड्याचे (सोडिअम कार्बोनेटचे) थर साचलेले दिसले. प्रयोगशाळेत सोडा आणि कॅल्शिअम क्लोराइड एकत्र केले की चुनखडीचा अवक्षेप मिळतो. तळ्यांकाठी नेमके उलटे घडत होते. तक्त्यातला क्रम अटळ नाही, कोणता पदार्थ किती आहे यावरही दिशा ठरते, हे तेव्हा लक्षात आले. प्रकारांची नावे मात्र तशीच राहिली.

खरा गुंता ऑक्सिडीकरण या शब्दाचा. अठराव्या शतकाच्या अखेरीस त्याचा अर्थ सरळ होता: ऑक्सिजनशी संयोग. मुळात ऑक्सिजन हे नावच चुकीच्या समजुतीवर उभे आहे. त्याचा ग्रीक अर्थ 'आम्ल निर्माण करणारा', कारण प्रत्येक आम्लात तो असणारच असे धरले होते. १८१० मध्ये क्लोरीन हे मूलद्रव्य असल्याचे आणि मीठापासून मिळणाऱ्या आम्लात ऑक्सिजनचा अंशही नसल्याचे दाखवले गेले. समजूत गेली, नाव टिकले. पुढे अल्कोहोलमधून हायड्रोजन काढून घेण्यालाही ऑक्सिडीकरण म्हणू लागले. अल्डिहाइड हा शब्द 'हायड्रोजन काढलेले अल्कोहोल' याच लॅटिन वर्णनातून घडला. १८९७ मध्ये इलेक्ट्रॉनचा शोध लागल्यानंतर, विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत, व्याख्या इलेक्ट्रॉन गमावण्यावर येऊन स्थिरावली. आता क्लोरीनच्या बरणीत सोडियम पिवळ्या ज्योतीने जळते, तिथे ऑक्सिजन औषधालाही नसतो, आणि तरी आपण म्हणतो सोडियमचे ऑक्सिडीकरण झाले. त्याच वेळी नवा शब्द घडवला असता तर पुढच्या कित्येक पिढ्यांची डोकेदुखी वाचली असती, असे माझे मत.

मराठीत तर या गुंत्याला आणखी एक गाठ आहे. क्षपण म्हणजे घट, उपचय म्हणजे वाढ. पण इलेक्ट्रॉन मिळवणाऱ्याचे होते क्षपण आणि गमावणाऱ्याचा होतो उपचय, म्हणजेच ऑक्सिडीकरण! इलेक्ट्रॉन डोळ्यांसमोर ठेवून वाचले की शब्द उलटे वाटतात. त्यांचे मूळ धातुकामात शोधावे लागते. २२३ ग्रॅम लेड ऑक्साइड कोळशासोबत तापवले तर जास्तीत जास्त २०७ ग्रॅम शिसे हाती येते; वजन घटते. लॅटिनमधला मूळ शब्द मात्र 'परत आणणे' अशा अर्थाचा होता, धातुकाला धातूच्या रूपात परत आणणे. मराठी प्रतिशब्दाने घट तेवढी उचलली. एका परीने ती आजही खरी ठरते: अधिक दोनवरून शून्यावर येणाऱ्या कॉपरचा ऑक्सिडीकरण अंक (अणूवर धरलेला विद्युतप्रभार) घटतोच.

कॉपर सल्फेटच्या निळ्या द्रावणात जस्ताची पट्टी सोडा. थोड्याच वेळात पट्टीवर लालसर-काळपट थर धरतो आणि निळा रंग फिकट होत जातो. जुन्या पट्टीने हे विस्थापन, नव्या पट्टीने क्षपणोपचय, आणि दोन्ही उत्तरे बरोबर. मूलद्रव्य संयुगातल्या मूलद्रव्याला हटवते तिथे इलेक्ट्रॉनांची देवघेव होतेच. दुहेरी विस्थापनात आयन फक्त जोडीदार बदलतात, अंक हलत नाहीत. संयोग आणि अपघटन मात्र दोन्हीकडे विभागलेले: मॅग्नेशिअम जळते तेव्हा अंक बदलतात, कळीच्या चुन्यावर पाणी ओतले तर भांडे चटका बसेल इतके तापते, पण अंक जागचे हलत नाहीत. म्हणून क्षपणोपचयाला यादीत पाचव्या क्रमांकावर बसवणे मला नेहमीच खटकते. तो पहिल्या चारांना आडवा छेद देतो.

अंक कसा ठरवायचा यावरचा वादही जुना. २०१६ मध्ये आंतरराष्ट्रीय पातळीवर नवी व्याख्या स्वीकारली गेली: वेगळ्या मूलद्रव्याच्या अणूंशी असलेले बंध पूर्ण आयनिक मानले तर अणूवर जो प्रभार येईल, तोच त्याचा अंक. म्हणजे तो मोजलेला नव्हे, मानलेला प्रभार. तरी हायड्रोजन पेरॉक्साइडच्या विघटनात तो चोख काम करतो. उणे एकवर असलेल्या ऑक्सिजनच्या अणूंपैकी निम्मे पाण्यात उणे दोनवर उतरतात, निम्मे वायूत शून्यावर चढतात. एकाच मूलद्रव्याचे क्षपणही आणि ऑक्सिडीकरणही. यादीत ही अभिक्रिया सापडते ती बहुधा अपघटनाखालीच.