एलिनॉरची पणजी आणि दोन नवरे

२१ मार्च ११५२ रोजी बोजांसी इथे धर्मगुरूंच्या सभेने फ्रान्सचा राजा सातवा लुई आणि राणी एलिनॉर यांचं जवळपास पंधरा वर्षांचं लग्न रद्द ठरवलं. कारण काय, तर दोघं एकमेकांचे नातेवाईक! आणि आठच आठवड्यांनी एलिनॉरने प्वातिएमध्ये ज्या हेन्रीशी लग्न केलं, तो इंग्लंडचा भावी राजा तिला लुईपेक्षाही जवळचा होता.

दोन्ही धागे तिच्या पणजीपाशी, हिल्डेगार्डपाशी, येतात. पणजीचे वडील बर्गंडीचे ड्यूक रॉबर्ट. त्यांचा सख्खा भाऊ म्हणजे लुईचा पणजोबा. पणजीची आई एर्मेंगार्ड. तिच्या आधीच्या लग्नाचा मुलगा म्हणजे हेन्रीचा पणजोबा. बापाकडून एक नवरा, आईकडून दुसरा.

आता जनुकांचा हिशेब. पूर्वजाचा वाटा दर पिढीला सरासरी निम्मा होतो. लुई आणि एलिनॉर यांचं सगळ्यात जवळचं सामाईक पूर्वज जोडपं: ड्यूक रॉबर्टचे आईवडील. त्यांच्यापर्यंत लुईकडून चार पायऱ्या, एलिनॉरकडून पाच. नऊ वेळा निम्मं केलं की १/५१२, पूर्वज दोघं म्हणून सामाईक वाटा १/२५६. एर्मेंगार्डमुळे (दोघांकडून चार-चार पायऱ्या, पूर्वज एकटीच) हेन्रीशीही नेमका १/२५६ येतो. पण हेन्रीच्या आईकडची एक शाखा पाच पायऱ्यांत त्याच जोडप्याला भिडते, त्याचे आणखी १/५१२. म्हणजे निदान या धाग्यांपुरता नवा नवरा दीडपट जवळचा. सख्ख्या मामे-आते भावंडांत हा वाटा १/८ असतो. त्यापुढे दोन्ही आकडे किरकोळच. चर्च मात्र फक्त पिढ्या मोजायचं: तेव्हा सात पिढ्यांपर्यंतच्या नात्यात लग्न निषिद्ध. १२१५मध्ये ही मर्यादा चारवर आली. सात पिढ्यांत नातं न निघणारं सरदार घराणं शोधायचं तरी कुठे? लग्न मोडायचं असलं की वंशावळ बाहेर काढायची, एवढाच खरा उपयोग.

खरी बोच वेगळी होती. लुईला एलिनॉरपासून दोन मुलीच झाल्या. मुलगा ठरवणारं वाय गुणसूत्र बापाकडूनच येतं, हे तेव्हा कोणाला ठाऊक! हेन्रीपासून तिला पाच मुलगे आणि तीन मुली झाल्या. लुईला दुसऱ्या बायकोपासूनही दोन मुलीच. मुलगा झाला तो तिसरीपासून, ११६५मध्ये. या तिसरीच्या दोन भावांना एलिनॉरच्या त्या दोन मुली दिल्या होत्या. म्हणजे लुईचे जावई तेच त्याचे मेहुणे. शिवाय दुसरीची थोरली मुलगी एलिनॉरची सून झाली.

१२०० साली सत्तरी ओलांडलेली एलिनॉर पिरेनीज पर्वत पार करून कॅस्टिलला गेली आणि आपली नात ब्लांश घेऊन आली. ब्लांशचं लग्न झालं ते लुईच्या नातवाशी.