जुन्या पामटॉपची स्क्रीन: बदलायला टाकण्याआधी हे वाचा

मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडवरच्या आमच्या दुकानात जुना पामटॉप, म्हणजे तळहातावर मावणारा छोटा संगणक (पाम, पॉकेट पीसी किंवा सायऑन), घेऊन येणाऱ्या बहुतेकांची तक्रार एकच असते: "स्क्रीन गेली." खरोखर गेली असेल तर आम्ही बदलून देतोच. पण पुष्कळदा स्क्रीन धड असते, फक्त चुकीच्या उजेडात पाहिलेली असते. आजच्या मोबाइलची स्क्रीन आतून लख्ख उजळते. त्या सवयीच्या डोळ्यांना पंचवीस वर्षांपूर्वीची स्क्रीन मेल्यासारखी वाटते. म्हणून पैसे खर्च करण्याआधी आपल्या हातातली स्क्रीन कोणत्या जातीची आहे ते ओळखा.

राखाडी स्क्रीन

पामच्या १९९६ सालच्या पहिल्या मशीनची, पायलटची, स्क्रीन १६० बाय १६० ठिपक्यांची होती आणि तिला बॅकलाइट, म्हणजे आतला उजेड, नव्हताच. बाहेरचा उजेड स्क्रीनमधून आत जातो, मागच्या चकचकीत थरावर आपटून परत येतो आणि वाटेत जे ठिपके अडवतात ते काळे दिसतात. त्यामुळे अशी स्क्रीन ट्यूबलाइटखाली मळकट दिसली तरी दुपारी लोकलच्या खिडकीत धरल्यावर स्वच्छ वाचता येते. आमच्याकडे आलेली राखाडी स्क्रीन आम्ही आधी दुकानाच्या पायरीवर नेऊन बघतो, मगच टेबलावर घेतो.

पाम थ्रीच्या डाव्या कडेला कॉन्ट्रास्टचे चाक असते. खिशात किंवा पाऊचमध्ये ते फिरले की स्क्रीन पूर्ण कोरी नाहीतर पूर्ण काळी होते. ते आधी फिरवून पाहा. पाम व्हीमध्ये चाकाऐवजी वरच्या कडेला बटण आहे. या स्क्रीनचा कॉन्ट्रास्ट तापमानाबरोबरही सरकतो. एसी ऑफिसात नीट लावलेला कॉन्ट्रास्ट मे महिन्यात रस्त्यावर गडद वाटला तर तो बिघाड नव्हे.

बॅकलाइटची तऱ्हा वेगळी. पॉवरचे बटण दोनेक सेकंद दाबून धरले की तो लागतो. पाम व्हीमध्ये तो लावल्यावर अक्षरे उजळतात आणि पार्श्वभूमी काळी राहते. हे पाहून "उलटे दिसतेय" म्हणून काहीजण घाबरून येतात. मशीन तसेच बनवलेले आहे. हा हिरवट उजेड देणारा थर बल्ब किंवा एलईडी नसतो. एका पातळ पत्र्यासारख्या पॅनेलला उच्च दाबाचा एसी करंट दिला की त्यातला फॉस्फर (उजेड देणारा पदार्थ) चमकतो, आणि कान जवळ नेला तर बारीक किणकिण ऐकू येते. वापराने हा फॉस्फर थकतो. तो मंद झाला असेल तर फक्त पॅनेल बदलावे लागते, स्क्रीन नाही. त्याआधी सेल नवे घालून किंवा, पाम व्ही असेल तर, पूर्ण चार्ज करून पाहा.

सायऑन सीरिज ५ (१९९७) ची स्क्रीन ६४० बाय २४० ठिपक्यांची, रुंद आणि कामाची. तिच्यावर आडव्या रेषा येत असतील, किंवा झाकण ठरावीक कोनात धरले तरच चित्र नीट दिसत असेल, तर बहुतेक वेळा दोष बिजागरीतून जाणाऱ्या चपट्या रिबन केबलचा असतो. उघडमीट करून ती चिरते. केबल बदलली की तीच स्क्रीन पुन्हा चालते. इथे नवी स्क्रीन विकणाऱ्याला दोनदा विचारा.

रंगीत स्क्रीन

पाम थ्री-सी (२०००) आणि कॅसिओची ई-१२५ या आतून उजळणाऱ्या स्क्रीनच्या. घरात सुंदर दिसतात, उन्हात जवळजवळ कोऱ्या. एचपी जोर्नाडा ५४० मालिकेची स्क्रीन रंगीत खरी, पण जुन्या पॅसिव्ह पद्धतीची. तिच्यात प्रत्येक ठिपक्याला स्वतंत्र ट्रान्झिस्टर नसतो, त्यामुळे हलत्या चित्रामागे सावली ओढली जाते आणि बाजूने पाहिले की रंग बदलतात. याला दुरुस्ती नाही, कारण हा तिचा स्वभाव आहे.

कॉम्पॅक आयपॅक ३६०० ची गोष्ट उलटी. तिचा उजेड मागून नसून समोरून, कडेच्या दिव्यातून पारदर्शक पट्टीवर पसरतो. उन्हात ती झकास दिसते. पण त्या पट्टीच्या आत धूळ शिरली की प्रत्येक कण ताऱ्यासारखा चमकतो. मुंबईत बांधकामाची धूळ कुठे नाही? ही स्क्रीन उघडून साफ करता येते, बदलण्याचे काही कारण नाही. पाम एम५०५ (२००१) रंगीत असूनही अंधुक म्हणून बदनाम झाली. पुढच्या वर्षीच्या एम५१५ मध्ये ते बरेच सुधारले. २००२ च्या आयपॅक ३९०० मध्ये आणि पामच्या टंगस्टन टीमध्ये आतला आणि बाहेरचा, दोन्ही उजेड वापरणारी स्क्रीन आली. आमच्या मते रोजच्या वापरासाठी हीच जात सगळ्यांत चांगली. बारीक अक्षरांत कागदपत्रे वाचायची असतील तर ६४० बाय ४८० ठिपक्यांची डेल अॅक्सिम एक्स५०व्ही पाहा. ३.७ इंचांत एवढे ठिपके आजही डोळ्यांना सुखावतात.

आंबट वास आला तर

मुंबईच्या हवेत जुन्या स्क्रीनचा खरा शत्रू म्हणजे तिच्यावरची फिल्म कुजणे. या सगळ्या स्क्रीन एलसीडीच्या; त्यांच्या काचेला दोन्ही बाजूंनी पोलरायझरची, म्हणजे ठरावीक दिशेचाच उजेड जाऊ देणारी, फिल्म चिकटवलेली असते. दमट हवा आणि उष्णता यांनी तिच्यातला प्लास्टिकचा थर कुजत जातो आणि त्यातून व्हिनेगरमधलेच आम्ल सुटते. कडेकडून तपकिरी डाग आत सरकतात, बुडबुडे उठतात, आणि मशीन उघडताच आंबट वास येतो. अशी स्क्रीन सगळीकडे "मेली" म्हणून सांगितली जाते. काच शाबूत असेल तर ती वाचते.

आम्ही फिल्मचा कोपरा ब्लेडने उचलून सावकाश सोलतो. खाली उरलेला डिंक आयसोप्रोपिल अल्कोहोलने मऊ करून प्लास्टिकच्या पट्टीने काढतो. फिल्म निघाली की मशीन चालू असूनही काच कोरी दिसते, अक्षर म्हणून दिसत नाही. मग नवी फिल्म काचेवर धरून फिरवत जातो. कोन थोडा चुकला तर अक्षरे निळसर किंवा पिवळट येतात, योग्य कोनात ती काळीभोर उमटतात. तिथेच खूण करून फिल्म कापतो. हे काम हळू होते, त्यामुळे "तासाभरात द्या" असे कृपया म्हणू नका.

घरी इतके करा: मशीन सिलिका जेलच्या (ओलावा शोषणाऱ्या दाण्यांच्या) पुडीसह बंद डब्यात ठेवा. भिजले तर तांदळात पुरू नका, तांदळाचा भुसा आत जातो. गच्चीवर उन्हातही वाळत घालू नका. गाडीच्या डॅशबोर्डवर राहून स्क्रीन काळी पडली असेल तर सावलीत थंड होऊ द्या. बऱ्याचदा ती आपोआप परत येते.

टच

स्टायलस (स्क्रीनवर टेकवायची काडी) एका जागी टेकवला आणि टिचकी दुसरीकडे पडली, तर आधी सेटिंगमध्ये जाऊन डिजिटायझर (टच ओळखणारा थर) पुन्हा जुळवा. टच आपोआप दाबला जात असेल तर स्क्रीन आणि फ्रेम यांच्या फटीत साचलेला मळ पातळ कार्डाच्या कडेने काढा. दोन्हींनी फरक पडला नाही तरच आणा.

आमच्याकडे देण्याआधी

पाम थ्री, पाम व्ही आणि सुरुवातीच्या आयपॅकमध्ये तुमचे पत्ते, नोंदी, हिशेब सगळे रॅममध्ये असते. करंट पूर्ण तुटला की ते पुसले जाते. स्क्रीन बदलायला मशीन उघडावेच लागते, म्हणून आधी हॉटसिंक (पामची माहिती संगणकावर उतरवणे) किंवा बॅकअप घ्या. स्क्रीन दिसत नसली तरीही बरेचदा क्रेडलचे (मशीन संगणकाला जोडणाऱ्या स्टँडचे) बटण दाबून हॉटसिंक होते, आणि ते जमत नसेल तर आमच्यासमोर करून घ्या. बॅकअप झाल्याशिवाय आम्ही स्क्रू काढत नाही.

या मशीनच्या कोऱ्या स्क्रीन आता क्वचितच मिळतात. आम्ही लावतो त्या बहुतेक दुसऱ्या बंद मशीनमधून काढलेल्या असतात आणि पावतीवर तसेच लिहून देतो. लावण्याआधी ती स्क्रीन चालू करून तुम्हाला दाखवतो. राखाडी मशीनमध्ये रंगीत स्क्रीन बसवून मागणाऱ्यांना आम्ही नाही म्हणतो, कारण तिला चालवणारा बोर्डच त्यात नसतो.

येताना क्रेडल, चार्जर आणि स्टायलस सोबत आणा. रविवारी दुकान बंद असते.