वेको: आग रणगाड्याने लावली नव्हती

टेक्ससमधल्या वेकोजवळ १९ एप्रिल १९९३ रोजी डेव्हिड कोरेशच्या ब्रांच डेव्हिडियन पंथाची, एफबीआयने वेढलेली वास्तू जळाली आणि ७६ जण मेले, त्यांत लहान मुलंही होती. तेव्हापासून एक व्हिडिओ फिरतोय: सरकारी रणगाडा भिंतीतून बाहेर पडतो आणि त्याच्या तोंडाशी ज्वाळा दिसते. 'बघा, ज्वाला फेकून जाळलं!'

ज्वाळा वाटते ती रणगाड्याला अडकलेल्या पडझडीच्या तुकड्यावर चमकणारं ऊन आहे. आग एकदम तीन ठिकाणी तरी भडकली. एफबीआयने आत लपवलेल्या मायक्रोफोननी इंधन ओतण्याच्या गोष्टी टिपल्या होत्या. २००० साली जॉन डॅनफर्थ यांच्या विशेष चौकशीने स्पष्ट सांगितलं की आग आतल्यांनीच लावली. निदान २० जण तर गोळी लागून मेलेले आढळले.

मग संशय इतका का टिकला? याचं श्रेय, माझ्या मते, बरंचसं एफबीआयचंच. ठिणगी पडू शकेल अशी अश्रुधुराची नळकांडी आपण वापरली, हे त्यांनी सहा वर्षं दडवलं आणि १९९९मध्ये कबूल केलं. ती आगीच्या सुमारे चार तास आधी, मुख्य इमारतीपासून दूर डागली होती. आगीशी संबंध नव्हता. पण लपवलं की लोक काहीही मानतात.

सरकार धुतल्या तांदळासारखं होतं असं मात्र नाही. २८ फेब्रुवारीला पहिला छापा एटीएफने (दारू, तंबाखू आणि शस्त्रांवर देखरेख करणाऱ्या सरकारी यंत्रणेने) घातला, एफबीआयने नव्हे. खबर फुटलीय हे कळूनही ते पुढे गेले. चार अधिकारी आणि सहा पंथीय मेले. तिथून ५१ दिवसांचा वेढा सुरू झाला.